उजवा कौल, डावा कौल आणि माणसाचे मन

देव आहे की नाही हा वाद महाराष्ट्र निदान दीडशे वर्षे घालत आला आहे. आस्तिकाने अनुभवाचा दाखला द्यायचा, नास्तिकाने पुरावा मागायचा, मग एकाने दुसऱ्याला उद्धट ठरवायचे आणि दुसऱ्याने पहिल्याला भाबडा, ही त्या वादाची ठरलेली वाट आहे. या सगळ्यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. माणूस देव मानतो किंवा मानत नाही तो विचार करून, युक्तिवाद तोलून, अखेर एका निष्कर्षावर येऊन, असे दोघांनाही वाटत असते. मला ते पटत नाही. मी स्वतः देव मानत नाही, आणि माझ्या घरातली बहुतेक माणसे मनापासून मानतात. त्यांच्यात आणि माझ्यात जो फरक पडला तो कोणाच्या तर्कशक्तीमुळे पडला, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी गेल्या तीन-चार दशकांत या प्रश्नावर जे काम केले आहे ते वाचल्यावर, आणि ते आमच्या सिंधुदुर्गातल्या रितीभातींशी ताडून पाहिल्यावर, श्रद्धा आणि अश्रद्धा या दोन्ही गोष्टी एकाच मनाच्या एकाच घडणीतून येतात, असे माझे मत झाले आहे.

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. दक्षिण कोकणात ही रीत घरोघरी ठाऊक आहे आणि गोव्यात तिला प्रसाद म्हणतात. गुरव देवाच्या पाषाणावर पाणी घालतो, फुलांच्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे ओले करून पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. "बा देवा म्हाराजा," अशी सुरुवात होते, लेकरांची अडचण देवापुढे मांडली जाते आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. मग सगळे गप्प होतात आणि पाषाणाकडे पाहत राहतात. उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर देवाची संमती, डाव्या अंगाची पडली तर नाही. पाणी सुकत जाते, पाकळीचा कडेचा भाग आधी सुटतो, ती थोडी खाली सरकते आणि पुन्हा तिथेच चिकटते. त्या वेळी माणसांचे चेहरे पाहावेत. पाकळी पाहणारा प्रत्येकजण त्या क्षणी कोणीतरी विचार करत आहे असेच पाहत असतो.

जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले तेव्हा माझे वडील आणि थोरले काका यांच्यात मतभेद होता. वडिलांना जुन्या जोत्यावरच बांधायचे होते आणि काकांना पुढे खळ्यात सरकायचे होते. दोघेही एकमेकांना दुखवायला तयार नव्हते, त्यामुळे प्रश्न कित्येक महिने तसाच पडून राहिला. शेवटी कौल लावला. खळ्यात बांधण्याला डावा कौल आला. काकांनी क्षणभर विचार केला आणि गुरवाला सांगितले की पुन्हा विचार, या वर्षी नको, पण शिमग्यानंतर जुन्या जोत्यावर बांधायला घेतले तर चालेल का. उजवा पडला. काकांनी हात जोडले, आणि इतके महिने जे दोन भावांना एकमेकांशी बोलून ठरवता आले नव्हते ते तिथे ठरले, तेही कोणाची हार न होता. पाकळी केवळ पाणी सुकल्यामुळे पडते हे मला तेव्हाही माहीत होते आणि आजही माझे मत तेच आहे. पण काकांनी दुसरा प्रश्न जसा विचारला त्यातून त्यांचे मन त्या दिवशी मला जेवढे कळले तेवढे एरवी कधी कळले नव्हते.

पडणाऱ्या पाकळीत आपल्याला इच्छा का दिसते, या प्रश्नाचे एक उत्तर १९४४ साली अमेरिकेत केलेल्या एका साध्या प्रयोगात आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे सरकताना दाखवणारी छोटी चित्रफीत तयार केली आणि काय दिसले ते पाहणाऱ्यांना लिहायला सांगितले. ज्या ३४ जणींना फक्त दिसले ते लिहा एवढेच सांगितले होते, त्यांच्यापैकी एकीनेच सरळ भूमितीच्या भाषेत वर्णन केले. बाकीच्यांनी मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरले आहे, लहान त्रिकोण त्याला वाचवायला धावला, अशी गोष्टच लिहिली. हालचाल दिसली की तिच्यामागे हेतू शोधायचा, ही आपल्या मनाची मूळची सवय आहे. माणसांत राहायचे तर ती लागतेच, कारण समोरच्याच्या डोक्यात काय चालले आहे हे ओळखता न येणाऱ्याचे समाजात एक दिवसही निभणार नाही. धर्माचा अभ्यास करणारे अनेक मानसशास्त्रज्ञ आज असे मानतात की देवांसाठी मनात वेगळा कप्पा नाही. माणसे ओळखण्यासाठी जे सामर्थ्य आपल्याला मिळाले तेच वाऱ्यात, रोगात, पावसात आणि पाषाणातही कोणीतरी आहे असे सुचवत राहते. मेंदूत देवाचा एखादा खास बिंदू असल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात, त्यांच्याकडे मी फारसे लक्ष देत नाही.

मात्र ही सवय सगळीकडे सारखी चालत नाही. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले होते. खाजणासारख्या शांत, आतल्या पाण्यात मासे धरताना तिथले लोक कोणताही मंत्रतंत्र करत नसत, कारण तिथे मासळी खात्रीने मिळे आणि धोका नसे. खुल्या समुद्रात जायचे असले की मात्र विधी आवश्यक होत. हे वाचल्यावर मी आमच्या गावातल्या कौलांची मनातल्या मनात उजळणी केली. माडाला पाणी कधी घालायचे किंवा भात कधी झोडायचे हे कोणी देवाला विचारत नाही. मुलीचे लग्न जमवावे का, मुंबईतली नोकरी सोडावी का, आजारी माणसाला हलवावे का, हे विचारतात. ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत तिथे माणूस हिशेब करतो आणि ज्या हातात नाहीत तिथे गाऱ्हाणे घालतो, आणि हे दोन्ही करणारा माणूस एकच असतो. म्हणूनच श्रद्धाळू माणसाला विचार करता येत नाही हा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

शिकवलेला देव आणि मनात नांदणारा देव यांच्यातले अंतर तर फारच मोलाचे आहे. जस्टिन बॅरेट आणि फ्रँक कील यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आधी देवाबद्दल थेट विचारले. देव सर्वव्यापी आहे, त्याला एकाच वेळी सगळे कळते, असे त्यांनी सांगितले. मग त्यांना काही गोष्टी वाचायला दिल्या. एका गोष्टीत नदीतल्या खडकांत पाय अडकलेला मुलगा प्रार्थना करतो, त्या वेळी देव जगात दुसरीकडे कोणाच्या तरी प्रार्थनेला उत्तर देत असतो, आणि मग तो मुलाला वाचवतो. गोष्ट आठवून सांगताना अनेकांनी ती अशी सांगितली की देवाने आधी हातातले काम संपवले आणि मग तो मुलाकडे वळला. मूळ गोष्टीत तसे म्हटलेले नव्हते. बॅरेट यांनी पुढे हाच प्रयोग उत्तर भारतातल्या हिंदूंबरोबर केला, विष्णू, शिव, कृष्ण यांची नावे घेऊन, आणि तिथेही असेच दिसले. विचारले तर सिद्धान्त सांगता येतो, पण गोष्ट मनात चालू लागली की देव एका जागी असतो, एका वेळी एकच काम करतो आणि त्याला हाक मारावी लागते.

आपल्याकडे हे कोणाला नवे वाटणार नाही. ज्ञानदेवांच्या परंपरेत अद्वैत शिकवले गेले आणि त्याच परंपरेत तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला जाब विचारतात. यात वारकऱ्याला कधीच विसंगती वाटली नाही, कारण भांडता येईल असा कोणीतरी समोर असल्याशिवाय मनाला नाते जोडता येत नाही. डेन्मार्कमध्ये उफे श्योट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात धार्मिक ख्रिश्चन माणसे आपल्या शब्दांत देवाशी बोलत असताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले होते. आपण दुसऱ्या माणसाच्या मनाचा अंदाज घेतो तेव्हा मेंदूचे जे भाग काम करतात तेच तेव्हाही काम करताना दिसले. गाऱ्हाणे घालणारा गुरव देवाला "म्हाराजा" म्हणतो तेव्हा तो खरोखरच एका व्यक्तीशी बोलत असतो.

गोव्यात तर धर्म बदलला तरी नाती टिकली. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी आहेत असे तिथली हिंदू आणि ख्रिस्ती माणसे आजही मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू मोठ्या संख्येने जातात आणि दोन्ही देवस्थानांमध्ये तेला-फुलांची देवाणघेवाण होत आली आहे. चर्चच्या शिकवणीत याला जागा नाही आणि पुराणांतही नाही. पण बहीण ही गोष्ट मनाला समजते, आणि धर्मशास्त्राने जे वेगळे केले ते मनाने नात्यात बांधून ठेवले. मला हे अतिशय सुंदर वाटते आणि देव न मानताही त्याबद्दल आदर वाटतो.

आता एक अडचण. मन जर असे सर्वांचे सारखेच असेल तर मी विठ्ठल मानावा की प्राचीन ग्रीकांचा देव झ्यूस, हे कोण ठरवते? झ्यूसच्या कथा मला माहीत आहेत, त्या मनाला सहज पटाव्यात अशाच आहेत, पण त्याला नवस बोलावा असे मला किंवा तुम्हाला कधीच वाटत नाही. जोसेफ हेन्रिक यांनी २००९ साली याचे जे उत्तर मांडले ते या सगळ्या संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माणूस इतरांचे बोलणे ऐकतो, पण विश्वास ठेवतो तो त्यांनी काय सोसले, काय सोडले, कशासाठी स्वतःला झिजवले ते पाहून. शब्द फुकट असतात आणि खोटेही असू शकतात. पण उपाशी राहणे, पायी चालणे, मिळकतीतला वाटा देऊन टाकणे हे मनात खरेच काही असल्याशिवाय सहसा होत नाही. मूल हे सतत टिपत असते. माझ्या आजीने मला देवाबद्दल कधी काही शिकवले नाही. ती एकादशीला पाण्याच्या घोटावर राहायची, आणि तापात असली तरी राहायची. माझ्या बहिणीच्या मनात आज जी श्रद्धा आहे ती कोणत्याही पोथीतून आलेली नाही, त्या उपासातून आलेली आहे. तोच उपास मीही पाहिला, पण मी लहानपणीच शिक्षणासाठी मामांकडे राहायला गेलो आणि तिथे देवघर असले तरी कोणी त्यासाठी काही सोसताना मला दिसले नाही. माझ्या नास्तिकपणाचा उगम शोधायचा तर मला मी वाचलेल्या पुस्तकांपेक्षा आधी मामांच्या घरी जावे लागेल.

लईराईच्या जत्रेत धोंड म्हणवणारे व्रतस्थ भक्त होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. चालण्याआधी ते अनेक दिवस व्रत पाळतात. हेन्रिक यांचे म्हणणे समजून घ्यायचे असेल तर यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. आपल्या ओळखीचा, आपल्याच वाड्यावरचा माणूस पहाटे निखाऱ्यांवरून जाताना पाहणाऱ्या मुलाला देवीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही निखाऱ्यांवरून चालून दाखवतात. कोळशातून आणि राखेतून उष्णता हळू वाहते आणि पाऊल क्षणभरच टेकते, म्हणून कोणालाही चालता येते, असे ते समजावून सांगतात. स्पष्टीकरण अचूक आहे. पण पाहणाऱ्यावर परिणाम होतो तो कार्यकर्ता स्वतः चालतो म्हणून. तेच वाक्य फळ्यावर लिहून सांगितले असते तर किती जणांना पटले असते, याची मला शंका आहे.

हे मान्य केले तर अश्रद्धेकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. चिकित्सक विचार केला की देव आपोआप गळून पडतो, असे आम्हा न मानणाऱ्यांना वाटायला आवडते. २०१२ साली विल जर्वेस आणि आरा नोरेनझायन यांचा एक अभ्यास गाजला. त्यातल्या एका प्रयोगात शिल्पकार रोदँच्या विचारमग्न पुतळ्याचे छायाचित्र नुसते पाहिल्यानेही लोकांची श्रद्धा तात्पुरती कमी होते, असे म्हटले होते. आमच्यासारख्यांनी तो आनंदाने एकमेकांना पाठवला. २०१७ साली दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग अधिक माणसे घेऊन पुन्हा केला तेव्हा तसे काही आढळले नाही, आणि जर्वेस यांनी स्वतःच आपल्या जुन्या प्रयोगाची कमजोरी मोकळेपणाने मान्य केली. पुढे २०२१ साली त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अश्रद्धेचा सर्वांत बळकट संबंध चिकित्सक विचाराशी निघाला नाही. लहानपणी आजूबाजूची माणसे श्रद्धेसाठी काही करताना किती दिसली, याच्याशी तो निघाला. ज्या घरात देवाचे नाव आहे पण देवासाठी कोणी काही करत नाही तिथली मुले कोणताही वाद न घालता देवापासून दूर जातात.

आगरकरांचा विचार मी या संदर्भात पुन्हा करून पाहिला. त्यांचे युक्तिवाद धारदार होते, पण त्यांच्याइतके धारदार युक्तिवाद करणारे इतरही होऊन गेले. मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनी पोटापुरत्या पैशावर आयुष्य काढले, पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा निघाली, १८९५ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले, आणि या सर्व काळात ते आपल्या मतापासून हटले नाहीत. महाराष्ट्रातल्या बुद्धिवादाला पिढ्यान्‌पिढ्या माणसे मिळत गेली ती याच्या बळावर. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर समितीच्या कामात किती तरुण मुले-मुली आली हे मी जवळून पाहिले आहे. ती पुरावे तपासून आली नव्हती. एका माणसाने आपल्या म्हणण्यासाठी काय मोजले ते पाहून आली होती, आणि पुरावे तपासायला त्यानंतर शिकली.

आणि न मानणारे मनही पूर्णपणे कोरडे नसते. पॉल रोझिन यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात साखर भरलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीवर लोकांनी स्वतःच्याच हाताने विषाचे लेबल लावले आणि नंतर त्या बाटलीतली साखर घ्यायला ते कचरले. आत साखरच आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. फिनलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नास्तिकांना, देवाने माझ्या आईवडिलांचे वाईट करावे, अशा तऱ्हेची वाक्ये मोठ्याने म्हणायला लावली. त्रास वाटला नाही असे त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले, पण त्यांच्या तळव्यांना आस्तिकांइतकाच घाम फुटला होता. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांना डेबोरा केलेमन यांनी घाईने उत्तरे द्यायला लावली तेव्हा, प्राण्यांना श्वास घेता यावा म्हणून झाडे प्राणवायू सोडतात, अशा धर्तीची, निसर्गाला हेतू चिकटवणारी विधाने त्यांनीही एरवीपेक्षा जास्त वेळा बरोबर ठरवली. वेळ मिळाल्यावर ते सावरतात. म्हणजे विज्ञानाचे शिक्षण जुनी सवय पुसून टाकत नाही, तिच्यावर लक्ष ठेवायला शिकवते. आपल्या मीमांसकांनी, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, तर जगाचा कर्ता ईश्वर नाकारूनही यज्ञ मात्र काटेकोरपणे सांगितले. कर्म आणि कर्ता यांची अशी फारकत त्यांना अडचणीची वाटली नाही.

यावरून देव नाही असे सिद्ध होत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. गणितही माणसाच्या मनातूनच येते, म्हणून ते खोटे ठरत नाही. आस्तिक म्हणू शकेल की देवानेच मन असे घडवले, आणि या प्रयोगांपैकी एकही त्याला खोडून काढू शकत नाही. मी देव मानत नाही त्याची कारणे वेगळी आहेत आणि ती तत्त्वज्ञानाच्या प्रांतातली आहेत. मानसशास्त्र मला एवढेच सांगते की काकांनी पाकळीकडे ज्या मनाने पाहिले तेच मन माझ्याकडेही आहे.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार लोकांनी आपण नास्तिक असल्याचे नोंदवले आणि त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले होते. आकडा राज्यांत सर्वांत मोठा असला तरी त्यातून मनाविषयी फारसे कळत नाही, कारण जनगणनेतल्या धर्माच्या रकान्यात माणूस आपण कोणत्या समाजातले ते सांगतो, श्रद्धा सांगत नाही. युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत पोटापाण्याची, आजारपणाची आणि म्हातारपणाची धास्ती कमी झाली तशी श्रद्धाही ओसरली, असे अनेक समाजशास्त्रज्ञ दाखवतात, आणि मालिनोव्स्कींच्या शांत पाण्याशी ते जुळते. पुण्यात मात्र हे गणित बसत नाही. गलेलठ्ठ पगाराच्या नोकऱ्या करणारी, विमा आणि घर दोन्ही असलेली मुले-मुली आयटी दिंडीतून आळंदीहून पुण्यापर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालतात. त्यांच्यातल्या किती जणांनी लहानपणी घरात कोणाला वारीला जाताना पाहिले होते, किती जण देव मानतात, आणि न मानताही चालणारे किती आहेत, हे कोणीतरी त्यांच्याबरोबर चालत विचारायला हवे. ते काम पुण्यातल्याच एखाद्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि असे कोणी पुढे आले तर प्रश्नावली तयार करायला आणि वाटेत माणसांशी बोलायला मी आनंदाने मदत करीन.